फिटिंगला आलेल्या बारा जर्सी

मी कमलबाई. निंबखेड्यात ब्लाउज शिवते, आणि गेली अकरा वर्षं आमच्या कबड्डी टीमच्या जर्सीसुद्धा मीच शिवत आले. मॅच मी चुकवत नाही. अंगात ताप असला तरी जाते. घरातले म्हणतात, हिला देवाचं एवढं वेड नाही. नसू दे. देव काही चढाईला जात नाही.

यंदा मात्र कापड आलंच नाही. आल्या त्या शिवलेल्या बारा जर्सी, खोक्यात घालून, एका परदेशी बियर कंपनीकडून. ब्रुकेनहोल्ट. नाव घ्यायचं तर तोंडात दुसरी जीभ बसवून घ्यावी लागेल. आमची लीग जळगाव-धुळ्याकडच्या गावांची. आजवर ती बियाणंवाल्यांच्या जिवावर चालली, यंदा त्यांनी हात वर केले. मग लीगचा सेक्रेटरी रोनक ही कंपनी शोधून घेऊन आला. रोनकचं पारोळ्यात भांड्यांचं दुकान. जैन घर, कांदालसूणसुद्धा शिजत नाही, आणि पोरानं आणली काय, तर बियर! बियरची जाहिरात करायला बंदी आहे म्हणे. म्हणून छातीवरच्या बिल्ल्यात बाटली ही भली थोरली, आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सोडा’. आम्हाला काय दुधखुळं समजतात का?

गावातली पुरुषमंडळी खूश. स्टँडवरच्या टपरीत आठ दिवस एकच चर्चा, मॅचला फुकट वाटतील की नाही. एक जण तर मला म्हणाला, "अक्का, आता आपली लीग फॉरेनची झाली." मी म्हटलं, "तू आधी तुझ्या घरातला संडास बांध, मग फॉरेनचं बोल." तो टपरीत परतला.

आता आमच्या गावात बाटली म्हणजे काय, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी इथं देशी दारूचं दुकान होतं, शाळेपासून चार पावलांवर. ते बंद करायला आम्ही बायकांनी अर्ज केला आणि मतदान लागलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. एक उभी बाटली, म्हणजे दुकान राहू द्या. एक आडवी बाटली, म्हणजे बंद करा. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. आम्ही दारोदार फिरलो. शेवटी तर भाकरी थापतानासुद्धा बायका एकमेकींना हात आडवा करून दाखवायच्या. सहाशे बायकांतल्या चारशे बारा जणींनी आडवी केली आणि दुकानाला कुलूप लागलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत पहिली उभी होती माझी शेजारीण ताईबाई. आणि फाटकाबाहेर तिचाच नवरा तोताराम ओरडत होता, "उभीले मारा, उभीले!" सगळ्या गावासमोर. ती मान खाली घालून आत गेली आणि शिक्का मारून मान वर करून बाहेर आली. दुकान गेल्यावर तोताराम काही वर्षं सायकल मारत शेजारच्या गावाला जायचा. मग उन्हातान्हात चार कोस पायडल मारून कंटाळला. आता चार वर्षं झाली, थेंबाला शिवलेला नाही. पण मतदानामुळं सुटली असं कोणी म्हटलं की भडकतो. "दारू मी मन्हा मनथीन सोडी. बाटलीना काय संबंध?" बरं बाबा, तुझ्या मनानं.

ताईबाईचा मुलगा प्रेमराज आमच्या टीमचा कॅप्टन. तो चढाईला निघाला की ताईबाई पहिल्या रांगेत बसून पितळी ताट वाजवते. ठोका एका लयीत. प्रेमराज त्या लयीवर कबड्डी कबड्डी म्हणत दम धरतो. गाव हसतं, पण पोरगं खरंच त्या ताटावर खेळतं. यंदा भुसावळच्या मॅचला रेल्वेच्या भरतीचे साहेब बघायला येणार होते. खेळाडूंच्या जागा दोन-तीन. प्रेमराजचं वय पुढच्या वर्षी उलटणार. म्हणजे जे काय व्हायचं ते याच मॅचला.

आणि ताईबाई म्हणाली, "अक्का, मन्हा पोरना छातीवर ती उभी राही, आन मी समोर बशीसन ताट वाजाडू? मी नही येवाव."

प्रेमराज चिडला. "मी पितो का? छातीवर काय लावलंय त्यानं मला काय होतं?" ती भांडी घासत राहिली. मी दोघांच्या मध्ये बसले होते. पोराचं खोटं नव्हतं, आणि तिचं तर मुळीच नव्हतं. रोनकनं निरोप धाडलेला, जी टीम कंपनीची जर्सी घालणार नाही ती बाद. मला इतका राग आला होता की कोणाचा ते मलाच कळेना.

तर ते खोकं माझ्याकडे का आलं, तर जर्सी सगळ्या ढगळ. कंपनीनं आमची पोरं कधी बघितलीच नव्हती. एकेका जर्सीत दोन-दोन मावतील. कबड्डीत सैल कपडा म्हणजे गड्याच्या हातात आयतं दावं, धरला की गेलास. दोन्ही बाजू दाबायला लागणार होत्या. आता यात एक गोष्ट अशी, की बाजू एवढ्या दाबल्या की छातीवरचं कापड ओढलं जातं आणि बिल्ला वेडावाकडा होतो. म्हणून बिल्ला आधी उसवायचा, बाजू दाबायच्या, आणि मग बिल्ला पुन्हा मधे आणून शिवायचा. शिवणकामाचा साधा नियम आहे, कोणीही सांगेल.

दुपारी जेवण उरकून बसले. ब्लेडनं पहिला बिल्ला उसवला आणि मशिनच्या फळीवर टाकला. तो पडला आडवा. मी बाजू दाबल्या, कातरी ठेवली, बिल्ल्याकडे बघितलं. आणि हात लावेचना. अगं बाई, म्हटलं, ही तर आपलीच.

पण पोराचं नशीब माझ्या सुईवर टांगायचा मला काय अधिकार? मी प्रेमराजला बोलावून घेतलं. फळीवरचा बिल्ला दाखवला. म्हटलं, "बघ बाबा. काढून नाही टाकायचा, झाकायचा नाही. नुसता असा शिवायचा. बाद केलं तर तुझं जाईल, माझं काही जाणार नाही. तू सांगशील तसं."

त्यानं बिल्ला उचलून बघितला, तसाच आडवा परत ठेवला. मग त्यानं विचारलं, "माय येईल का मग?"

"ते मी कसं सांगू? ती आधी बघेल तेव्हा."

"ताटाविना काल सरावाला तीनदा दम तुटला, अक्का," तो म्हणाला. "माझ्या एकट्याची नको. बारा शिव."

मी बारा शिवल्या. ताईबाईला एवढंच सांगितलं, की तू टेम्पोत बस, मैदानात शिरायचं की नाही ते तिथं ठरव. ताट मी माझ्या पिशवीत टाकलं.

भुसावळच्या मैदानात गर्दी चिक्कार. ताईबाई फाटकापाशीच थांबली, पदर दातात धरून. तोताराम आमच्या मागं शेंगदाणे खात उभा. पोरं वरची जॅकेटं काढून रांगेत उभी राहिली, आणि आमच्या गावच्या बायकांची कुजबुज एकदम थांबली. बारा छात्यांवर बारा बाटल्या, सगळ्या झोपलेल्या. मग कोणीतरी हात वर करून आडवा केला. मग दुसरीनं. मग सगळ्या जणींनी. दुसऱ्या गावचे लोक बघत राहिले, यांना झालं काय.

कंपनीचा साहेब पुण्याचा, कडक इस्त्रीचा. तो धावत पंचांकडे आला. "हे काय आहे? लोगो आडवा लावलाय! ही टीम खेळू शकत नाही."

प्रेमराज खाली बघत उभा. रेल्वेचे दोन साहेब खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. रोनकनं खिशातून करार काढला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला, भांड्याचं बिल वाचतो तसा. "बिल्ला छातीवर मधोमध असावा. झाकलेला नसावा, फाटलेला नसावा." त्यानं कागद घडी केला. "आहे ना सर मधोमध? उभा-आडवा काही लिहिलेलं नाही यात."

"अहो, पण चुकलंय ते! दिसत नाही का तुम्हाला? बाटली कधी अशी असते का?"

आणि माझ्या मागून आवाज आला. मोठा. मतदानाला फाटकाबाहेर उभा राहून ओरडलेला तोच आवाज, नऊ वर्षांनी.

"चुकेल नही शे, साहेब! आमना गावमा बाटली आशीच राहास. बायकास्नी करी ती."

मी वळून बघितलं. तोताराम. शेंगदाण्यांची पुडी हातात चुरगळलेली, कान लाल. तो साहेबाकडे बघतच नव्हता. फाटकाकडे बघत होता.

अख्खं गाव हसलं, टाळ्या पडल्या. साहेब फोन काढून बाजूला गेला. पुढच्या वर्षी ही कंपनी येणार नाही, रोनकनं तेव्हाच ओळखलं. पंचांनी शिट्टी मारली. रेल्वेवाल्यांनी वही उघडली. त्यांनी काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही, कागद यायचाय.

ताईबाई फाटकातून आत आली. नवऱ्याजवळून जाताना थांबली नाही. पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली आणि हात पुढं केला. मी पिशवीतून ताट काढून दिलं. समोर प्रेमराज रेघेला हात लावून चढाईला निघाला. तिनं ताट उचललं, पण पोराच्या छातीवरची आडवी बाटली बघत राहिली आणि पहिले दोन ठोके तिला सुचलेच नाहीत.

ते मी मारले. तिसऱ्यापासून तिनं घेतलं.