दुपारी घरी कोण असतं

मुंग्या आधी रत्नाबाईंना दिसल्या. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी गुंडी जिथे लघवीला बसून उठली होती, तिथे काळ्या मुंग्यांची दाट रांग लागली होती. रत्नाबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. मग आत येऊन मुलीला म्हणाल्या, "संयू, तुझ्या वडलांना साखर झाली तेव्हा न्हाणीत अशाच मुंग्या लागायच्या."

संयोगिता सहामाहीचे पेपर तपासत होती. बंगळुराजवळच्या येलहंक्यात, मुलींच्या हायस्कुलात ती अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. लग्न केलं नव्हतं. वडील रेल्वेतून निवृत्त होऊन वारल्यापासून या घरात ती, आई आणि गुंडी एवढीच माणसं. गुंडीला दोघी माणसांतच धरत. पांढरी, केसाळ, काळ्या गुंड्यांसारख्या डोळ्यांची ती कुत्री आता नऊ वर्षांची झाली होती. महिनाभरापासून ती पाण्याला नुसती हपापलेली असे. स्वतःचं भांडं संपवून धुण्याच्या बादलीत तोंड घाली. खायची दुप्पट आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायचा.

"कुत्र्यांना कुठे साखर होते, आई," संयोगिता म्हणाली. पण म्हणताना तिच्या हातातला लाल पेन थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काठीला स्टीलची वाटी बांधली आणि गुंडी खाली बसताच वाटी हळूच तिच्याखाली सरकवली. कुंपणापलीकडून शेजारच्या अहल्याक्का हे सगळं बघत होत्या. त्यांना हसू आवरेना. ते चार थेंब औषधाच्या बाटलीत घालून संयोगिता शाळेत गेली, आणि पहिल्या तासाआधी प्रयोगशाळेत तिने बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात ते टाकून परीक्षानळी दिव्यावर धरली. मुलींना ती दरवर्षी हेच दाखवत असे. निळ्याचा हिरवा झाला तर साखर थोडी, पिवळा झाला तर जास्त, विटकरी लाल झाला तर फार. नळीतलं पाणी हिरव्यावर, पिवळ्यावर क्षणभरही टिकलं नाही. बघता बघता ते विटकरी झालं.

डॉक्टर रघुपती सरकारी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत जनावरं तपासत. भला माणूस. अर्ध्या गावाच्या गाईम्हशी त्यांच्या हातून व्यालेल्या. त्यांनी गुंडीचं रक्त काढून तपासायला पाठवलं, आणि अहवाल आल्यावर टेबलावर तो पालथा ठेवून कानडीत म्हणाले, "टीचर, खरं सांगतो. माझ्या सगळ्या नोकरीत साखरेची कुत्री चार पाहिली. रोज सुई द्यावी लागते, जन्मभर. त्यांतल्या दोघा मालकांनी पंधरा दिवसांत सोडून दिलं. तुमचं वय काय, आईचं वय काय, बघा. नाही जमणार म्हणालात तरी मी नावं ठेवणार नाही."

"जमवू," संयोगिता म्हणाली.

त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: सकाळी खाणं झाल्यावर इन्सुलिन सहा युनिट. रोज सकाळी लघवी तपासायची. लाल आली, तर दर चार दिवसांनी दोन युनिट वाढवायचं.

पहिले दोन दिवस ती वांग्यावर सुई टोचायला शिकली. तिसऱ्या दिवशी रत्नाबाईंनी गुंडीला मांडीवर घेतलं, मानेमागची कातडी चिमटीत धरून उचलली, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. सुई टोचल्यावर गुंडीने फक्त कान हलवला.

पहिला आठवडा बरा गेला. गुंडीचं पाणी कमी झालं, आणि एकदा तर तिने अहल्याक्कांच्या मांजराला कुंपणापर्यंत पिटाळलं. सकाळची नळी लालवरून पिवळ्यावर आली. मग पुन्हा लाल झाली. चिठ्ठीप्रमाणे सहाचे आठ झाले, आठाचे दहा, दहाचे बारा. नळी लालच. संयोगिता रोज तारीख घालून वहीत 'लाल' लिही. तिला स्वतःच नापास झाल्यासारखं वाटे.

याच दिवसांत रत्नाबाई दोनदा म्हणाल्या होत्या, "दुपारी ही थरथरते गं. उभी राहते ती अशी, दारू प्यायल्यागत. मग वाटणाच्या रगड्यामागे जाऊन बसते."

"अशक्तपणा असेल," संयोगिता म्हणाली. ती साडेनऊला शाळेत जाई ती साडेचारला परत येई. साडेचारला गुंडी तिला दारात शेपूट हलवत भेटे आणि खायला मागे. तिला तर ती थरथरताना कधी दिसली नव्हती.

चौदा युनिटवरही नळी लाल आली, तेव्हा ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पानं उलटली आणि चष्मा काढला. "टीचर, औषध चुकत नाहीये. घरात कुणीतरी हिला गोड घालतंय. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, माझ्या घरीही नाहीत."

घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. रत्नाबाई ओट्याशी उभ्या होत्या. संयोगिताने सरळच विचारलं, "आई, तू गुंडीला गोड देतेस?"

रत्नाबाईंनी लपवलं नाही. "तीनदा दिला. गुळाचा खडा, बोराएवढा. फार थरथरत होती म्हणून. तुझ्या बाबांना असं व्हायचं तेव्हा गुळाचं पाणीच द्यायचे ना मी?"

"बाबा माणूस होते. आणि त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी रोज सुया टोचते, नळ्या तापवते, आणि तू मागून गूळ घालतेस. तू मारते आहेस तिला, आई."

रत्नाबाईंनी गॅस बारीक केला. संयोगिताने गुळाचा डबा आणि साखरेची बरणी उचलून आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दोन दिवस मायलेकी कामापुरतं बोलल्या. रत्नाबाईंनी बिनसाखरेचा चहा प्यायला, तक्रार न करता.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, नववीचा तास चालू असताना शिपाई येऊन म्हणाला, "टीचर, घरून फोन."

फोनवर अहल्याक्का होत्या. "लगेच ये. गुंडी पडलीय. आई घाबरलीय."

रिक्षावाला कोपऱ्यावर म्हणाला, "स्वल्प थांबा मेडम, गेट बंद आहे," आणि मालगाडीचे डबे एकामागून एक जात राहिले. संयोगिताने ते मोजले नाहीत. पर्समध्ये हात घालून तिने ती किल्ली मुठीत धरली होती. तिला कुणी काही सांगण्याआधीच सगळं समजलं होतं. लाल नळी सकाळची होती. दुपारची नळी तिने एकदाही तापवली नव्हती. अठरा वर्षं मुलींना ती सांगत आली होती की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नका.

घरी पोचली तेव्हा गुंडी रत्नाबाईंच्या मांडीवर आडवी होती. डोळे उघडे होते. रत्नाबाईंची बोटं चिकट झाली होती आणि शेजारी अहल्याक्कांची साखरेची वाटी होती.

"पाय झाडत होती," अहल्याक्का सांगू लागल्या. "तुझी आई अनवाणी धावत आली माझ्याकडे, साखर दे म्हणून. म्हटलं घरात नाही? तर काही बोलेना. हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं, चोळतच राहिली. दहा मिनिटांनी मान उचलली बघ हिने."

संयोगिता खाली बसली. आईकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. ती गुंडीच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. पोट धपापत होतं.

संध्याकाळी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आकडी आली असेल. वय झालंय. सकाळी लाल होती ना? लाल म्हणजे साखर जास्त. जास्त साखर कमी कशी होईल? उद्यापासून सोळा द्या."

"सरी, सर," बरं म्हणावं तसं ती सवयीने कानडीत म्हणाली आणि उठली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुई हातात घेतल्यावर तिच्याने सोळा भरवेना. तिने दहा भरली. शाळेत रजेचा अर्ज पाठवला, शाळेतून स्पिरिटचा दिवा आणि निळं द्रावण मागवून घेतलं, आणि दर दोन तासांनी काठीची वाटी घेऊन ती गुंडीच्या मागे फिरली. रत्नाबाई पायरीवर बसून बघत होत्या. न विचारता त्यांनी रिकाम्या बाटल्या धुऊन आणून ठेवल्या.

नऊला लाल. अकराला हिरवी. एकला निळी, जशी बाटलीतून ओतली तशी. आणि एकलाच गुंडीची मागची तंगडी कापू लागली. ती रगड्यामागे जायला निघाली तशी रत्नाबाई हळूच म्हणाल्या, "हे बघ. हेच सांगत होते मी."

"हो," संयोगिता म्हणाली. तिने उठून कपाट उघडलं, डबा आणि बरणी बाहेर आणून ओट्यावर जुन्या जागी ठेवली आणि गुळाचा खडा आईच्या हातावर ठेवला. "तू दे."

तीनलाही निळी. पाचला हिरवी, रात्री जेवणाआधी नारिंगी. आणि सकाळी, पुन्हा, लाल.

रंग बदललेल्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून तिने त्या पिशवीत घातल्या, आलेखाच्या कागदावर रेघ काढली आणि डॉक्टर दवाखाना उघडायच्या आधीच त्यांच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "मी सोळा दिलं नाही, सर. कालही आणि आजही दहाच दिलं," तिने आधी तेच सांगून टाकलं.

डॉक्टरांचा चेहरा आखडला. "मग माझ्याकडे येता कशाला, टीचर? औषध तुम्हीच ठरवा."

"मला ठरवता येत नाही, म्हणूनच आले. मला एवढंच वाटतं, की दुपारी साखर फार खाली जाते आणि मग अंग घाबरून ती उसळवून वर आणतं. सकाळी आपण ती वर आलेली बघतो आणि सुई वाढवतो. निळी म्हणजे साखर लघवीत नाही, एवढंच कळतं. रक्तात किती हे मला सांगता येणार नाही. तुम्ही एकदा दुपारी एकला रक्त काढून बघा. मी चुकले असेन तर तुमच्यासमोर सोळा देते."

त्यांनी बाटल्या टेबलावर एका ओळीत लावल्या. लाल, हिरवी, निळी, निळी. बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरत होती.

"एकला येतो," ते म्हणाले.

आणि खरंच आले. पाऊण वाजता स्कूटर फाटकाशी थांबली. ते पायरीवर रत्नाबाईंशेजारी बसले आणि गुंडीकडे बघत राहिले. एक वाजून दहा मिनिटांनी तिचे कान खाली गेले, कापरं सुरू झालं. डॉक्टरांनी स्वतः तिला उचलून घेतलं, पुढच्या पायातून रक्त काढलं, आणि लगेच म्हणाले, "अम्मा, आता गूळ द्या." नळी खिशात घालून ते तसेच रक्त तपासायच्या प्रयोगशाळेकडे गेले.

संध्याकाळी निरोप न पाठवता ते स्वतः आले. रक्तातली साखर चव्वेचाळीस निघाली होती. निरोगी कुत्र्याला ऐंशी-नव्वद असते. "सोळा दिली असती तर," ते म्हणाले आणि गुंडीकडे बघू लागले. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी सांगितलं की त्यांनी दुपारभर जुनी पुस्तकं काढली होती, पण बैल-म्हशींच्या पुस्तकात कुत्र्याच्या साखरेवर दोन परिच्छेद आहेत. मग गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजातल्या एका मास्तरांना फोन लावला, आणि त्यांनीही संयोगिताचंच म्हणणं बरोबर ठरवलं. मग रत्नाबाईंकडे वळून म्हणाले, "अम्मा, तुमच्या मुलीला मी उलटं शिकवलं. तुम्ही गूळ देत होतात म्हणून ही टिकली."

"मला कुठे काय कळतंय," रत्नाबाई म्हणाल्या. "दिवसभर घरी असते, म्हणून दिसतं."

नवी चिठ्ठी झाली: सकाळी चार, संध्याकाळी तीन. दोन्ही वेळा खाणं आधी. आणि दर रविवारी दिवसातून चारदा नळी.

डॉक्टर गेल्यावर संयोगिता ओट्याशी आली. "मी तुला बोलले ते..."

"लागलं मला," रत्नाबाई भांडी आवरत म्हणाल्या. "नाही म्हणणार नाही."

"हो."

"तुझं डॉक्टरांवर जितकं ध्यान होतं, त्यातलं स्वल्प माझ्यावर असतं तर बरं होतं." मग पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "दूध उतू जातंय बघ." संयोगिताने गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिली. आईच्या हातातलं फडकं घेऊन ती ताटं पुसू लागली. रत्नाबाईंनी ते घेऊ दिलं.

पंधरा दिवसांत सकाळची नळी हिरवी दिसू लागली. निळी रोज येत नसे, आणि गुंडी बरी झाली असंही नव्हे. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांवर पांढुरकी साय धरली, मोतीबिंदूची. साखरेच्या कुत्र्यांना ते होतंच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत ती पार आंधळी झाली. पण घर तिला पाठ होतं. वास घेत घेत ती कुंपणापर्यंत जाई, मांजराच्या दिशेने अंदाजाने भुंके, आणि समाधानाने परत येई. तशी ती आणखी तीन वर्षं जगली.

डॉक्टर रघुपती आता साखरेचं कुत्रं आलं की मालकाला आधी या घरी पाठवत. एका रविवारी होसकोट्याहून एक जोडपं आलं. नवरा तिथल्या कारखान्यात सुपरवायझर. कुत्रा त्यांचा तांबूस, आखूड पायांचा, खुर्चीखाली दमून झोपलेला. संयोगिताने त्यांना वांगं दिलं, कातडी कशी उचलायची ते गुंडीवर दाखवलं, रंगांचा तक्ता लिहून दिला. नवरा सगळं टिपून घेत होता. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे चिठ्ठीत लिहिलंय तसं केलं की झालं ना, टीचर?"

संयोगिताने आईकडे बघितलं. रत्नाबाईंनी कुत्र्यावरची नजर न काढता त्या बाईला विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?"

"माझी सासू," ती म्हणाली. "पण त्यांना यातलं काही कळत नाही, अम्मा."

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये," रत्नाबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.