कुलुपातले अठरा लॅपटॉप

राजधानीतून, लिमाहून, अठरा लॅपटॉप आले तेव्हा पोचपावतीवर सही मी केली आणि तिथेच माझी मती फिरली. सही माझी, म्हणजे एक जरी फुटला तरी भरून देणार मीच. खेचरांवरून डोंगर चढून आलेली ती खोकी मी वर्गातल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. पोरांना वाटलं, सोमवारी मिळतील. तो सोमवार तीन वर्षं उजाडला नाही.

कारणं माझ्याकडे पोत्याने होती. वीज बेभरवशाची, धूळ फार, पोरं बटाटे काढून तशाच मातकट हातांनी वर्गात येणार. पालकांच्या सभेत मी ऐटीत म्हणालो होतो, माकडाच्या हाती कोलीत कशाला द्यायचं? सगळे हसले. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. मलाच ते यंत्र धड सुरू करता येत नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी सहावीच्या पोरांसमोर चाचपडत बसायची मला लाज वाटत होती. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

सहावीत नेलिदा होती. गणितं तोंडी सोडवायची, निबंध असा लिहायची की मी दोनदा वाचायचो. तिच्यापुढे एकच वाट होती, अबांकाय शहराजवळच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. पास झाली तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. नाहीतर विधवा आईच्या मेंढ्या आहेतच. मार्चमध्ये पत्र आलं की परीक्षा कॉम्प्युटरवर होणार. दुसऱ्याच दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, शाळा सुटल्यावर अर्धाच तास एखादा लॅपटॉप द्याल? हात धुऊन येईन मी."

"तुला उत्तरं येतात ना? मग झालं तर. यंत्र काय चावतंय का तुला?"

वर्ग खिदळला. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरात मीच तिला डोंगर उतरून, खालच्या रस्त्यावरून ट्रकने परीक्षेला नेलं. ती आत होती तोवर बाहेर दुसऱ्या शिक्षकांपुढे मी बढाया मारत होतो, आमची पोरगी पहिली येणार म्हणून. ती बाहेर आली आणि वाटभर भाजका मका चघळत राहिली. पंधरा दिवसांनी निकाल लागला. गणितात एकही चूक नाही. निबंध मात्र चारच ओळींचा. नापास.

तिची आई सेबेरिना शाळेत आली, ती फडक्यात चीज बांधून. मला वाटलं, आता ही माझी खरडपट्टी काढणार. तिने चीज माझ्या हातात ठेवलं.

"तुम्ही स्वतः नेलंत तिला, एवढं कोण करतं, गुरुजी? तिच्या नशिबात नव्हतं."

"हो," मी म्हणालो, "नशीब." माझ्या तोंडून हे निघालं. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिने शालीतून एक पुठ्ठा काढला. "सराव तर रोज करायची, मेंढ्यांमागे बसून. चुकलं कुठे, तेवढं बघा."

शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर पेन्सिलने आखलेले चौकोन, आणि प्रत्येकात एकेक अक्षर. बोटं आपटून आपटून अक्षरं पुसली होती, पुन्हा गिरवली होती. आ, बे, से, दे... मी पहिलीत शिकवलेल्या मुळाक्षरांच्या क्रमाने, एकापुढे एक, अगदी सरळ रांगेत.

नेलिदा दारात उभी होती. हळूच म्हणाली, "तिथल्या कीबोर्डवर अक्षरं भलतीकडेच होती. शोधण्यातच वेळ संपला."

सेबेरिनाने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "म्हणजे हे चुकीचं आहे? कुणी सांगितलं तुला असं काढायला?"

"कुणी नाही. मीच काढलं."

"शहाणीच आहेस. गुरुजी समोर असताना आपल्याच डोक्याने चालायचं! एकदा विचारलं असतंस तर त्यांनी नाही म्हटलं असतं का?"

नेलिदाने मान खाली घातली. मी पुठ्ठा तिच्या आईला परत केला आणि चीज ठेवून घेतलं.