तिसरी हाक

लटारूभाऊंनी काठी मोहाच्या बुंध्याला टेकवली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि हाक दिली.

"ओऽऽ, हाय काऽऽ?"

मोहफुलं वेचायला वाकलेल्या पाठी सरळ झाल्या. पहिला जबाब चंचलचा, शेजारच्याच झाडाखालून. मग मुखरूचा, नाल्याच्या अंगानं. मग मनकर्णेचा, जरा दुरून. "हाऽऽव." सगळ्यांत शेवटी दिव्यानीनं आवाज दिला. तो घसा साफ करून दिल्यासारखा निघाला आणि चंचलला हसू आलं.

"आता हॅलो मनशील का वो?"

"जबाब पोचला ना?"

"पोचला. वाघालेबी पोचला."

चंचलनं जीभ चावली आणि ती पुन्हा वाकली. काल नाल्याच्या वाळूत पंजे उमटलेले दिसले होते. म्हणून आज कुणी अंधारात निघालं नव्हतं. चांगलं फटफटल्यावर, एकत्र, हाकेच्या टप्प्यात राहायचं ठरवून सगळे आले होते. हाकेचा नियम मात्र जुना होता. एक जण हाक देणार, बाकीच्यांनी ठरलेल्या क्रमानं जबाब द्यायचा. एक जरी जबाब कमी पडला, तरी टोपल्या टाकून सगळ्यांनी मिळून ओरडत तिकडे जायचं.

वर्षापूर्वीपर्यंत हाक द्यायचं काम वारलूचं होतं, दिव्यानीच्या बाबांचं. त्यांचा आवाज नाल्यापलीकडे जायचा. त्या सकाळी जबाब कुणाचाच चुकला नव्हता. हाकच आली नव्हती. अजून वेळ झाली नसेल असं समजून सगळे फुलं वेचत राहिले. टोपल्या भरत आल्या तेव्हा दिव्यानीच्या आईनं, मनकर्णेनं, मान वर केली होती.

दिव्यानीनं ओंजळ टोपलीत रिकामी केली. तिची पिशवी मागच्या झाडाच्या फांदीला अडकवलेली होती आणि पिशवीत फोन होता. सडक सोडताना, रेंज जाण्याच्या अगदी आधी, त्यावर प्रणितचा निरोप आला होता. मोटारसायकलींच्या आवाजात तो नीट ऐकू येईना म्हणून तिनं फोनचा आवाज पूर्ण वाढवून ऐकला. "दिव्यानी, घाई करतोय, सॉरी. पण आज दुपारपर्यंत हो किंवा नाही कळव. बाबांचा आवाज आहे, तुझ्या होकाराशिवाय मी पुढे जाणार नाही. पण खरं सांगतो, त्याच्या जवळपास जाईल असं आपल्याकडे दुसरं काही नाही."

प्रणित वाईट माणूस नव्हता. पुण्याच्या त्या कंपनीत 'निबिड' नावाच्या मोबाइलवरच्या खेळाचा सगळा भार त्याच्यावर होता आणि खेळातलं रान कानांना खरं वाटावं हे काम दिव्यानीचं होतं. दोन वर्षांपूर्वी ती ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन गावी आली होती. बाबांनी तिला पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत फिरवलं. ते हाका देत होते आणि तिचं यंत्र चालू होतं. पुण्याला गेल्यावर तिनं त्या हाका ऐकवल्या तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी त्या पुन्हा पुन्हा लावायला सांगितल्या. खेळाचा सगळा जीव मग त्या हाकेवरच बेतला गेला. रानात एकटा पडलेला खेळाडू, लांबून येणारी हाक, आणि जबाब द्यायचं एक बटण. जबाब दिला की तू कुठे आहेस ते सोबत्यांना कळणार. वाघालाही कळणार. दर वेळी ठरवायचं.

मग जाहिरातीची चित्रफीत आली. तिच्यात दाखवलेलं अर्धं रान तेव्हा कुणी बनवलंच नव्हतं. लोकांनी ती लाखोंनी पाहिली आणि न बनलेल्या खेळासाठी आगाऊ पैसे भरले. त्यानंतर रान बनवायला वेळ उरला नाही. वेळ गेला दुकान बनवण्यात. नवी मशाल, नवी काठी, मेल्यावर जिवंत होण्याचा ताईत.

"तुमच्या खेळाची जाहिरात पाह्यली मी," चंचल वाकल्या वाकल्या म्हणाली. "वाघ लय मोठा दाखोला. पण डरकाळ्या काऊन फोडत येते तो?"

"मी सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले, जाहिरातीत शांतता विकली जात नाही."

"आवाज करून येता तर..." चंचलनं वाक्य सोडून दिलं. थोड्या वेळानं तिनं आपल्या टोपलीतली दोन ओंजळी फुलं दिव्यानीच्या टोपलीत टाकली.

लटारूभाऊंची पुढची हाक आली. जबाब आले, चंचल, मुखरू, मनकर्णा, दिव्यानी. सगळे. पाठी पुन्हा वाकल्या.

आणि मग वारलूनं हाक दिली.

"ओऽऽ, हाय काऽऽ?"

आवाज उंच चढला आणि शेवटी जरा फाटला. चंचलच्या हातातली फुलं गळून पडली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दिव्यानीला कळायला एक श्वास जास्तच लागला. पिशवी. फोन. खेळाची चाचणीची प्रत तिच्या फोनवर होती आणि महिनाभर तिनं ती उघडली नव्हती. खेळाकडे पाठ फिरवलेल्या माणसाला परत आणण्यासाठी आता तीच हाक वापरायचं घाटत होतं, प्रणितला होकार हवा होता तो त्यासाठीच. आधी साधी हाक, काही दिवसांनी जोराची, मग काळजीनं भरलेली. पहिली हाक तिनं रजेवर येताना बसमध्ये आणि दुसरी गेल्या आठवड्यात सिंदेवाहीच्या स्टँडवर अंगठ्यानं दाबून बंद केली होती. ही तिसरी. तिला रेंज लागत नव्हती.

ती झाडाकडे धावली, फोन काढला, आवाज बंद केला. "फोन आहे!" ती ओरडली. "माझा फोन आहे!"

लटारूभाऊंनी तिचं ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी ताबडतोब स्वतः हाक दिली, नेहमीपेक्षा आखूड.

चंचल. मुखरू.

मनकर्णेचा जबाब आला नाही.

टोपल्या पडल्याचा आवाज झाला. सगळे एका जागी गोळा झाले, एकमेकांच्या खांद्यांना खांदे लावून ओरडत पुढे सरकले. दिव्यानीच्या तोंडून फक्त "आई, आई" निघत होतं. समोर घाणेरीची जाळी होती. तिच्या पलीकडे एक वानर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतात तसं, मग दुसरं. लटारूभाऊंनी काठी आडवी धरली. मुखरू जाळीवर दगड मारू लागला.

मनकर्णा जाळीच्या कडेलाच उभी होती, हात मोकळे, पदर काट्यात अडकलेला. ती फोनच्या आवाजाच्या रोखानं सरळ रेषेत चालत आली होती आणि जाळीनं तिला थांबवलं होतं. लटारूभाऊंनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. पदराचा तुकडा काट्यावरच राहिला.

"जबाब काऊन नाई देला वो? आँ? काऊन नाई देला?"

"देला," मनकर्णा म्हणाली. "त्याईले देला."

वानरं खाकरतच होती. कुणी थांबलं नाही. हाताला लागल्या तेवढ्या टोपल्या उचलून, मनकर्णेला मधे घेऊन, सगळे सडकेकडे निघाले. मुखरू सारखा मागे वळून पाहत उलटाच चालत होता. मोकळं शेत लागलं तेव्हा लटारूभाऊंनी दिव्यानीकडे हात केला.

"दाखव तो डब्बा."

तिनं फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

"वारलूच होता. याच्यात कायले टाकला?"

दिव्यानीनं सांगितलं. खेळ काय आहे, हाक कशी येते, का येते. सांगताना तिला आपलेच शब्द बुळबुळीत वाटत होते.

"मंग इथूनच 'हाव' मनलं तर?"

"चालत नाही. खेळ उघडून आत जावं लागतं."

"आत कोण हाय?"

"कुणी नाही. दुकान आहे."

लटारूभाऊ बांधाच्या कडेला थुंकून पुढे निघाले.

सडकेला रेंज आली. प्रणितचे तीन निरोप एकामागून एक आले. बाकीचे पुढे गेले होते. मायलेकी मैलाच्या दगडापाशी टेकल्या. दिव्यानीनं 'नाही' लिहिलं आणि पाठवलं. उत्तर लगेच आलं. "समजू शकतो. मग आवाजाचा कलाकार घेतो. हाका मात्र राहतील, चाचणीत परत येणाऱ्यांचे आकडे फार चांगले आहेत." तिनं ते दोनदा वाचलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

मनकर्णा फाटक्या पदराचे दोरे काढत होती.

"ते हाक मले होती," ती म्हणाली.

"कोणती?"

"आत्ताची. तू मशीन घेऊन आली होती ना, त्या दिवशी. मी टेंबरं खात होती त्या तिकडं. तोंड भरलं होतं, जबाब कसा देऊ? मंग तेच धावत आले. मले पाहून असे हासले..." तिनं दोरा दातानं तोडला. "ते हाक माझ्या फोनात टाकून दे."

"तुझ्या फोनात सगळ्याच हाका टाकून देते, आई. पाहिजे तेव्हा ऐक."

"तशी नाई. ते म्या दाबल्यावर वाजन. हाक दाबून वाजत नसते. आत्ता मारली तशी पायजे. आपल्या मनानं."

दिव्यानीनं मांडीवरच्या पालथ्या फोनवर हात ठेवला.

"अजून मारन का ते?"

"नाही. तीनच. मग थांबतं."

"काऊन?"

"माणूस आता येत नाही असं धरतात."

मनकर्णेनं रानाच्या बाजूला पाहिलं. "त्याईले नेलं तवा, दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत मारल्या आमी," ती म्हणाली. "लटारूभाऊचा गळा बसला, तरी."

एक ट्रॅक्टर घरघरत गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघी थांबल्या. मग दिव्यानीनं फोन उलटा केला. नव्या प्रतीत बाबांचा आवाज नसणार होता. तिनं सेटिंगमध्ये जाऊन खेळाचं अपडेट बंद केलं. नंतर खेळाच्या चित्रावर अंगठा ठेवला. महिनाभर ती त्या चित्राकडे बघणंही टाळत होती. पडदा उजळला, वरून सोन्याची नाणी पडू लागली. 'तुम्ही परत आलात!' परत आल्याबद्दल एक मशाल फुकट मिळाली होती. हाकांची मोजणी आता पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होती. तिनं खेळ बंद केला आणि फोन आईच्या हातात दिला.

"हा तुझ्याजवळच ठेव. मी दुसरा घेईन."

मनकर्णेनं तो दोन्ही तळव्यांत धरला, अंड्यासारखा.

"आता कवा मारन?"

"आपण विसरलो की."

मनकर्णेनं मान हलवली. फोन पदराच्या टोकात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"मंग इसरा लागन," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.