आधी माझा हात

मेधाने लेसरच्या यंत्राची किल्ली काढून मुठीत धरली. कुशाबांच्या हातावर, तरुणपणी जत्रेत गोंदवून घेतलेल्या त्यांच्या नावावर, टपोरा फोड आला होता.

"परवा यंत्राखाली हात हुता, तवाच चुनचुनलं, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"सायेब म्हनले, हलू नका. न्हाई हललो."

मेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भुकूमच्या त्या छोट्या कंपनीत कातडी न कापता आतल्या पेशी दाखवणारा सूक्ष्मदर्शक तयार होत होता आणि चाचणीला शेजारच्या कासार आंबोली गावची, कुशाबांसारखी माणसं यायची. मेधा तिथे अभियंता, मालक निरंजन तिचा कॉलेजपासूनचा मित्र. 'आधी माझा हात' हा त्याचा नियम, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! कुणालाही यंत्राखाली घेण्याआधी तो स्वतःचा हात ठेवायचा, लेसरची ताकद त्यावरूनच ठरायची. हात कसला, गोरापान, ना तीळ ना डाग. गोंदणाची शाई लेसरने तापते, हे मेधाने त्याला बजावलं होतं. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत तो आपलं मनगटच पुढे करायचा.

आत्ताही तो हसत आत आला.

"चुलीवर भाजलं असेल गं. दुपारी पाहुणे येताहेत, त्यांना दाखवायचंय. फोड सोडून शेजारच्या अक्षरावर घेऊ. दे किल्ली."

चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि कुशाबा तर निमूटपणे बाही आणखी वर सारत होते. तेच तिला बघवेना.

"देते. आधी तुझा हात."

त्याने सवयीने मनगट पुढे केलं. मेधाने फळ्यावरचा काळा मार्कर उचलला आणि त्या गोऱ्या कातडीवर ठसठशीत लिहिलं, 'कुशाबा'. मग किल्ली यंत्रात घालून फिरवली. ताकद परवाइतकीच ठेवली आणि आकडा त्याला दाखवला. यंत्र गुणगुणायला लागलं.

"ठेव."

"मेधा, हा काय पोरखेळ..." बोलता बोलता निरंजनची नजर त्या अक्षरांवर गेली. हात आपसूक मागे आला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो शाई घासू लागला.

कुशाबा बघत होते.

"तुमचं पुसतंय व्हय," ते म्हणाले. मग त्यांनी बाही खाली ओढली आणि गुंडी लावली.