चुन्याचा दिवा आणि परीच्या दोन ओळी

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो, आणि अगदी वैतागलेला दिवा आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे, सूतगिरण्यांच्या एका गावात, नाट्यगृहाच्या दाराशी मला काचेच्या पेटीत ठेवले आहे. माझे नाव लाइमलाइट. म्हणजे चुन्याचा उजेड. लोक मात्र काचेला नाक लावून "लिंबाचा दिवा का हो?" असे विचारतात आणि डाग ठेवून निघून जातात.

त्याचे एक वेळ काही नाही. पण माझ्या नावाचे या लोकांनी काय करून ठेवले आहे! कुणाचा फोटो छापून आला की तो म्हणे लाइमलाइटमध्ये. परवा गावचे एक पुढारी माझ्याच पेटीला टेकून म्हणाले, "मला बुवा लाइमलाइटची अजिबात हौस नाही." एवढे बोलून त्यांनी कॅमेऱ्यासमोरच्या दोघांना कोपराने बाजूला सारले. मी बोलू शकलो असतो तर चार शब्द सुनावले असते.

अहो, मी म्हणजे कीर्ती नव्हे. मी म्हणजे चुन्याची एक कांडी. तिच्यावर दोन वायूंची ज्योत सोडायची, मग ती पांढरीशुभ्र तापते. ती सारखी फिरवत राहावी लागते, नाहीतर तिला खड्डा पडतो आणि ती तडकते. हे काम एनॉक बटरवर्थ करायचा. मंचाच्या बाजूच्या उंच माळ्यावर, धुरात आणि उकाड्यात, एका हाताने कांडी फिरवत आणि दुसऱ्या हाताने मला नटांच्या मागोमाग वळवत तो बसे. टाळ्या खालच्यांना मिळत. आम्हा दोघांना खोकला मिळे.

नाताळात मुलांसाठी परीकथेचे मोठे नाटक व्हायचे. परीराणी असायची लॅव्हिनिया पील. दरवर्षी नाटकाच्या शेवटच्या दोन ओळी ती स्वतः रचायची, गावातल्या मुलांसाठी. आणि नाटकवाल्यांची एक रीत अशी, की या शेवटच्या ओळी तालमीत कधीच म्हणायच्या नाहीत. म्हटल्या तर नाटक बुडते. त्यामुळे तालमीत तिथे आले की लॅव्हिनिया गप्प राही, बाईच्या वेषातला विदूषक हॉरेस टनिक्लिफ वाकून नमस्कार करी आणि सगळे चहाला पळत.

एका वर्षी मॅनेजरने तिला आधीच सांगून टाकले होते, "बाई, तुमचं वय झालं. शेवट रंगला, मुलांनी उचलून धरला, तर पुढच्या वर्षाचं बघू. नाहीतर दुसरी परी उभी करतो." लॅव्हिनियाला दुसरे घर नव्हते, हे नाट्यगृहच तिचे घर होते.

पहिला प्रयोग छान चालला. शेवट आला. लॅव्हिनियाने छडी उचलली, श्वास घेतला. आणि एनॉकचा हात, महिनाभराच्या सवयीने, मला घेऊन हॉरेसकडे वळला. परी अंधारात राहिली. तिने बोलायला सुरुवात केली होती, हे हॉरेसला दिसत होते. गड्याने एक पाऊल मागे घ्यायचे की नाही? त्याने घागरा उचलून आणखी एकदा वाकून दाखवले. पोरे खो खो हसली आणि परीचे शब्द त्यात बुडून गेले. एनॉकने घाबरून मला परत फिरवायला हिसडा दिला, तशी कांडी तडकली आणि मी विझलो. पडदा पडला.

पंख सावरत लॅव्हिनिया शिडी चढून वर आली. हॉरेस खालूनच म्हणाला, "उजेड आपण होऊन माझ्याकडे आला, त्याला मी काय हाकलून देऊ?"

"तुझं बरोबर आहे, हॉरेस. आलेलं ताट कुणी परत करतं का," ती म्हणाली.

एनॉकने मान खाली घातली. "बाई, तालमीत तिथंच संपायचं हो. हात आपोआप वळला."

"ठाऊक आहे मला. तालमीत मीच तर गप्प बसत होते."

"नवी कांडी लावतो. आता म्हणा, मी ऐकतो."

"राहू दे, एनॉक. मुलं घरी गेली."

दुसऱ्या दिवशी पेपरात आले की हॉरेसने सगळा लाइमलाइट खाल्ला. खाल्ला म्हणे! मॅनेजर इतका खूश झाला की त्याने परीच्या ओळीच कापून टाकल्या आणि शेवट हॉरेसच्या नमस्कारावर केला. पुढच्या नाताळात दुसरी परी आली. लॅव्हिनिया कुठे गेली, कुणी सांगितले नाही. मला फार वाईट वाटले, आणि आजही वाटते.

तेव्हा मित्रांनो, माझ्या काचेवर नाक खुशाल टेकवा. माझे नाव हवे तसे वापरा, तुमच्यापुढे मी हात टेकले. फक्त कुणावरचा उजेड काढून घेण्याआधी त्याचे बोलून झाले आहे का, एवढे विचारत जा. त्या दोन ओळी काय होत्या, हे मला अजूनही माहीत नाही.