रंगाआडची ओल

मित्रांनो, मी पुलिया प्रांतातील एका गावाची जुनी दगडी भिंत. ज्या गवंड्यांनी मला रचले, त्यांची नातवंडेही आता दफनभूमीत विसावली आहेत. गावच्या संताचा उत्सव जवळ आला की घरोघरी चुना लागे. माझी मालकीण असुंता लांब दांड्याचा कुंचला घेऊन मला आपादमस्तक शुभ्र करी. चुन्याखाली मला श्वास घेता येई. रात्रीची ओल मी दिवसा उन्हाच्या स्वाधीन करीत असे.

पुढे ओरोंझो आला. याच गल्लीत वाढलेला, मिलानला जाऊन चित्रकार झालेला. त्याने माझ्यावर ऑलिव्ह वेचणाऱ्या स्त्रिया रंगवल्या. मधोमध त्याची दिवंगत आई. रंग प्लास्टिकचा, चकचकीत होता. गाव हरखून गेले, आणि त्यानंतर मला चुना लागला नाही.

दूरदूरचे लोक येत, छायाचित्रे काढीत, वाहवा करीत. त्या प्रत्येक स्तुतीगणिक मी लज्जेने खचत असे. कारण रंगाने कोंडलेली ओल माझ्या पाठीतून असुंताच्या निजण्याच्या खोलीत झिरपत होती.

कालांतराने चित्राचे पोपडे सुटू लागले. ते पूर्ववत करण्यासाठी ओरोंझो गावी परतला. असुंताने त्याला कॉफीसाठी आत बोलावले. स्वयंपाकघरात चुलीलगत तिचा पलंग पाहून तो थबकला.

"मावशी, पलंग इथे कशाला?"

"म्हातारीला ऊब बरी. साखर किती घालू?"

त्याने आतले दार ढकलले. माझी पाठ बुरशीने काळवंडली होती. तोंड लपवायला मला जागा नव्हती.

"मावशी, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सगळं गाव म्हणतं, असुंताच्या भिंतीनं नाव काढलं. आणि बाहेर तुझी आई उभी. तिच्या पाठीमागे बसून मी कुरकुर करू होय रे?"

त्याची मान खाली गेली, ती वर आली नाही. कॉफी तशीच निवली. मग बाहेर येऊन त्याने रंगांची पेटी बाजूला सारली आणि तो पोलादी पट्टीने मला खरवडू लागला.

समोरच्या खिडकीतून शेजारी दोनातो ओरडला, "काय रे, दुरुस्तीला आलास की सूड उगवायला?"

"दुरुस्तीच करतोय, काका."

"मग मागच्या वेळी काय केलं होतंस?"

ओरोंझो खरवडतच राहिला. आईच्या चेहऱ्यापाशी मात्र त्याचा हात अडला. असुंता उंबऱ्यातून म्हणाली, "तेवढी राहू दे, बाळा."

"ती असती तर तिनंच पहिला घाव घातला असता, मावशी. भिंतीवर नाही, माझ्या पाठीत."

त्याने तो चेहराही खरवडला आणि मला चुना लावला. माझी पाठ कोरडी व्हायला पानगळ उजाडली. तेव्हा असुंताचा पलंग पुन्हा आपल्या जागी गेला.

मित्रांनो, आता माझ्यापुढे कोणी थांबत नाही. उत्सवापूर्वी ओरोंझो येतो, चुना लावतो. त्या एका जागी त्याचा हात मंदावतो. तुम्हीही कुणाचे घर सजवायला निघालात, तर कुंचला उचलण्यापूर्वी आत जा, घटकाभर बसा, आणि घरातले माणूस कुठे निजते ते विचारा.