मागच्या एक्सलची सुधारणा

प्राध्यापकांनी तर्कशास्त्र शिकवण्यात सव्वीस वर्षं काढली होती आणि गाडीचं मागचं सस्पेन्शन निवडण्यात दोन. पहिल्या कामाचा त्यांना थकवा येत नसे, कारण वर्गात कुणी काही विचारत नसे. दुसऱ्यानं मात्र ते टेकीला आले होते.

गाडी जुनी, दोन दारांची, पुढं दांडगं इंजिन आणि मागं अखंड एक्सल. म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच जाड दांड्याच्या दोन टोकांना. अशा गाडीत ती चाकं एकत्र कुटुंबासारखी नांदतात. एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला बसल्या जागी त्रास. सरळ रस्त्यावर गाडी वाघ होती, पण वळणावर खड्डा आला की तिचा मागचा भाग बाजूला उडी मारायचा आणि बायकोचं डोकं खिडकीवर आपटायचं.

तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा बायको उतरली, दार हळूच लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून बसनं ऑफिसला जाऊ लागली. तोवर रोज प्राध्यापकच तिला सोडत. चाळीस मिनिटांचा रस्ता. संसारातलं उरलंसुरलं बोलणं त्या चाळीस मिनिटांत व्हायचं, कारण संध्याकाळी दोघांच्याही अंगात त्राण नसे. ती पुन्हा शेजारी येऊन बसावी, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

सल्ला विचारला तो फोनवरच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपला. तिथल्या म्होरक्याला सगळे सेनापती म्हणत. रेसच्या ट्रॅकवर तो आयुष्यात एकदाच गेला होता, पण तेवढ्या शिदोरीवर त्यानं सात वर्षं भाषणं रेटली होती. त्याच्या हुकमानुसार प्राध्यापकांनी आधी एक्सलला धरून ठेवणारे खालचे दोन दांडे टोकांत बसणाऱ्या नव्या रबरी बुशांसकट बदलले. घरीच, जॅक लावून, पुस्तिका शेजारी उघडी ठेवून. गाडी पहिल्यापेक्षा जास्त उडू लागली. सेनापती म्हणाला, स्प्रिंगा लेच्यापेच्या आहेत. कडक स्प्रिंगा आल्या. आता गाडी उडायची ती उडायचीच, वर दातही वाजायचे. मग शॉक ॲब्सॉर्बर आले. प्रत्येक सुधारणेनंतर प्राध्यापक बायकोला म्हणत, आता बघ बसून. ती म्हणे, आधी तुम्ही बसा आठवडाभर.

आता शेवटचा पेच उरला होता. एक्सल बाजूला सरकू नये म्हणून आणखी जाड आडवा दांडा घालायचा, की मधोमध फिरणारी दोन दांड्यांची जोडणी? प्राध्यापकांनी अकरा रकान्यांचा तक्ता केला. बाराव्या रकान्याला काय नाव द्यावं हे सुचेना, तेव्हा ते तक्ता घेऊन गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे गेले. हे काम वेल्डिंगचं होतं, घरी जमण्यासारखं नव्हतं.

मिस्त्रींनी तक्ता चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, घडी घातली आणि डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. मग ते गॅरेजमधल्या खड्ड्यात उतरून गाडीखाली गेले. बराच वेळ नुसता टॉर्च हलत होता.

"साहेब, हे दांडे बसवले कुणी?"

"मीच."

"बोल्ट शेवटचे आवळले तेव्हा गाडी कुठं होती?"

"जॅकवर."

"आणि चाकं?"

"लोंबत होती," प्राध्यापक म्हणाले. मिस्त्रींनी टॉर्च बोल्टवर रोखला. तेव्हा प्राध्यापकांना परीक्षेतल्या नापासांबद्दल प्रथमच सहानुभूती वाटली.

मिस्त्रींनी खालूनच समजावलं. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते पिळवटतं, आणि मग दर खड्ड्याला तो पीळ चाकावर काढतं. आवळायचं ते गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. त्यांनी पाना लावला. बोल्ट कुरकुरला, सुटला, आणि गाडीचा मागचा भाग दमल्या माणसानं खुर्चीत बसावं तसा दोन बोटं खाली आला.

"जुनी रबरं गेली होती, म्हणून उडत होती," मिस्त्री म्हणाले. "नवी घातलीत, ते बरोबर केलंत. बोल्ट नीट आवळले असतेत, तर काम तिथंच संपलं असतं."

म्हणजे दोन वर्षांतलं पहिलं पाऊल तेवढं योग्य होतं आणि नंतरची सगळी पावलं म्हणजे त्याच्यावरचे उपाय होते. प्राध्यापक स्टुलावर बसले. स्टूल आता डगमगत नव्हतं.

मिस्त्रींनी विचारलं की गाडी एवढी कडक करून पळवायची कुठं आहे. तेव्हा प्राध्यापकांच्या तोंडून खरं निघून गेलं. "बायकोला ऑफिसात सोडायचंय."

"मग जुन्या स्प्रिंगा आणा. आहेत ना?"

माळ्यावर होत्या. त्या बसल्या, बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळले गेले, आणि प्राध्यापकांनी ग्रुपवर तसं कळवलं. सेनापतीनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. बाकीच्यांनीही पाठवलं. एकानं फुलं वाहिली.

रविवारी सकाळी बायको बसली. पट्टा लावला, एका हातानं खिडकीची चौकट धरली. ते वळण आलं, तो खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली आणि पुढं निघाली. पुढच्या चौकापर्यंत बायकोनं चौकट सोडली.

"बरी झालीय," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, की मग उद्यापासून सोडू का.

तिनं बाहेर बघितलं. बसमध्ये आता त्या पाचजणी झाल्या होत्या, तिनं सांगितलं. एक गाते, एकीची सासू म्हणजे रोजची मालिकाच. खिडकीची जागा तिच्यासाठी धरून ठेवतात. दोन वर्षांत लागलेली सवय अशी एकदम कशी मोडायची. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच प्राध्यापकांना वाद घालायला काही सापडेना.

पुढचे दोन सिग्नल गेले. गाडीखालून काहीच आवाज येत नव्हता.

"गुरुवारी त्यातल्या तिघी येत नाहीत," ती अखेर म्हणाली. "गुरुवारी सोडा. पण पावणेनऊला तयार राहा, मला उशीर चालत नाही."